नेट बंद पडले? आधी कुठे अडले ते शोधा

“वायफायच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी नेट चालत नाही. असे कसे?” नेवासे, पाथर्डी, अकोले, कुठूनही विचारणा आली तरी वाचकांचा प्रश्न थोड्याफार फरकाने हाच असतो. मग दुकानदार नवा राऊटर घ्यायला सांगतो, केबलवाला मोठा प्लॅन सुचवतो आणि पाहुणे म्हणतात, तुमचा फोनच जुना झाला. तिन्ही सल्ल्यांना पैसे लागतात आणि पुष्कळदा तिन्ही चुकीचे निघतात.

अहिल्यानगर हा १७,०४८ चौरस किलोमीटरचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. गावठाणात फायबर आली तरी घर शेतातल्या वस्तीवर असते आणि अकोल्याच्या पश्चिमेला तर डोंगराच्या एका वळणावर रेंज जाते. कंपनीचा माणूस फोन केल्यावर तासाभरात दारात येईल अशी परिस्थिती फार थोड्या घरांची आहे. म्हणून बिघाड कुठे आहे हे स्वतः ओळखता येणे आपल्याकडे शहरापेक्षा जास्त गरजेचे आहे. त्यासाठी लागतील तेवढेच शब्द इथे समजून घेऊ.

तीन टप्पे लक्षात ठेवा

तुमच्या फोनवर काहीही उघडते तेव्हा माहिती तीन टप्पे पार करून येते.

१. फोन ते राऊटर. हा घरातला भाग. बिनतारी असेल तर वायफाय, तारेने असेल तर लॅन.
२. राऊटर ते कंपनीचे केंद्र. फायबर, टॉवर किंवा जुनी तांब्याची तार. राऊटरच्या मागे ज्या खाचेवर ‘वॅन’ लिहिलेले असते, तिथून हा टप्पा सुरू होतो. फायबरच्या डब्यात तिला ‘पॉन’ म्हणतात.
३. कंपनी ते सर्व्हर. सातबाऱ्याची साइट, बँक, यूट्यूब यांचे संगणक जिथे आहेत तिथपर्यंतचा रस्ता.

फोनवरच्या काड्या फक्त पहिल्या टप्प्याचे सांगतात. दुसरा टप्पा पूर्ण तुटलेला असला तरी काड्या भरलेल्याच दिसणार. वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे एवढे पक्के झाले तरी निम्मा गोंधळ मिटतो.

तक्रार करण्याआधीची तपासणी

- राऊटरवरचे दिवे पाहा. लाल दिवा असेल तर पुढची तपासणी सोडा आणि थेट तक्रार नोंदवा.
- दिवे ठीक असतील तर राऊटरच्या अगदी जवळ उभे राहून नेट चालवून पाहा. तिथे चालले आणि आतल्या खोलीत अडले, तर दोष पहिल्या टप्प्यात.
- जवळ उभे राहूनही चालत नसेल तर वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडा. डेटावरही उघडली नाही, तर दोष बहुधा तिसऱ्या टप्प्यात आहे आणि तुमच्या केबलवाल्याच्या हातात काहीच नाही.
- लॅपटॉप असेल तर लॅनच्या तारेने थेट जोडून पाहा. तारेवर वेग मिळतो आणि वायफायवर नाही, म्हणजे प्लॅन वाढवून उपयोग नाही.
- राऊटरची वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करा. दोन-तीन मिनिटे थांबा.

इथे एक धोका आहे. राऊटरच्या मागे बारीक छिद्रात ‘रीसेट’चे बटण असते. टाचणी घालून ते दाबले की डब्यातली सगळी जुळणी पुसली जाते. बऱ्याच जोडण्यांत कंपनीने दिलेले युजरनेम आणि पासवर्ड राऊटरमध्ये भरलेले असतात. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. ते पुसले गेले की तंत्रज्ञ येऊन पुन्हा भरेपर्यंत चांगले चाललेले नेटही बंद. बंद करून चालू करणे वेगळे आणि रीसेट वेगळे. मुलांनाही हे सांगून ठेवा.

दिव्यांची भाषा

फायबरच्या डब्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणे हे त्याचे काम. आजकाल राऊटरही त्याच डब्यात असतो. त्यावर दोन दिवे महत्त्वाचे. ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर असेल तर कंपनीशी संपर्क आहे. ‘एलओएस’ लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोहोचत नाही, म्हणजे फायबर तुटली, निघाली किंवा फार वाकली आहे.

गळीत हंगामात आपल्याकडे याचे एक ठरलेले कारण असते. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली रस्त्यावरून आडव्या गेलेल्या वायरीत अडकते आणि खांबापासून घरापर्यंतची तार ओढून नेते. एरवी पाइपलाइनसाठी जेसीबीने खोदताना जमिनीखालची केबल तुटते. तक्रार करताना “नेट चालत नाही” एवढेच सांगू नका. “एलओएस लाल आहे, अमुक ठिकाणी वायर तुटलेली दिसते” असे सांगा. मग येणारा माणूस फायबर जोडायचे स्प्लायसिंग यंत्र बरोबर घेऊन येतो आणि त्याची एक फेरी आणि तुमचा एक दिवस वाचतो. तुटलेली फायबर स्वतः चिकटपट्टीने जोडायला जाऊ नका; ती तशी जुळत नाही. तिच्या टोकात डोळा लावूनही पाहू नका, आतला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो.

दिवे ठीक आहेत, तरी नेट सारखे तुटते? मग तंत्रज्ञाला ‘ऑप्टिकल पॉवर’ मोजायला सांगा. हा आकडा उणे डीबीएममध्ये येतो. साधारण उणे १५ ते उणे २५ मध्ये असेल तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला तर प्रकाश फार मंद झाला आहे आणि कुठेतरी सांधा खराब आहे. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या तक्रारीत कामाला येतो.

वीज गेली की नेट जाते, घरी इन्व्हर्टर असूनही? मग वीज तुमच्याकडची नाही, वाटेतली गेली आहे. खऱ्या फायबर जोडणीत खांबावरच्या स्प्लिटरला वीज लागत नाही. पण काही ठिकाणी वाटेत विजेवर चालणारे स्विच बसवलेले असतात आणि भारनियमनात ते बंद पडतात. जोडणी घेण्याआधीच विचारा: “तुमच्या केंद्रापासून माझ्या घरापर्यंत मध्ये विजेवर चालणारे काही आहे का, आणि त्याला बॅटरी आहे का?”

मृगाच्या आधी विजा कडाडू लागल्या की राऊटरचा अडॅप्टर काढा आणि लॅनच्या ताराही सोडवा. काचेची फायबर वीज वाहून नेत नाही, पण अडॅप्टर आणि तांब्याची लॅन तार नेते. घरापर्यंत येणाऱ्या काही फायबर तारांना आधारासाठी पोलादी तारही असते, आणि तीही वीज वाहून नेते.

घरातले वायफाय: भिंती, पत्रे आणि दोन वाटा

एकाच राऊटरची दोन नावे दिसतात, एकाच्या शेवटी ‘५जी’ असते. याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही. एक वाट २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिली लांब जाते, भिंतीतूनही थोडीफार जाते, पण तिचा वेग कमी. दुसरी वेगवान, पण एक-दोन भिंतींत दम सोडते. राऊटर असलेल्या खोलीत ५ वापरा, ओट्यावर आणि गोठ्यात २.४.

जुन्या वाड्याच्या दगडी भिंती आणि स्लॅबमधली सळई वायफायला अडवतात. पत्रा तर जवळजवळ पूर्णच अडवतो. राऊटर लोखंडी कपाटामागे किंवा टीव्हीच्या पाठीमागे ठेवू नका; घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. पैसे खर्च करण्याआधी हा बदल करून पाहाच.

तरी पुरत नसेल तर घरात पडून असलेला जुना राऊटर कामाला येतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. दोन्ही राऊटर घरातल्या प्रत्येक फोनला आयपी पत्ता वाटू लागतात. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात आणि ते काम एकानेच करायचे असते. दोघांनी केले की फोन “आयपी पत्ता मिळवत आहे” म्हणत अडकून राहतो. उपाय: जुन्या राऊटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ हा पर्याय असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राऊटरपेक्षा वेगळा ठेवा आणि तार त्याच्या वॅनऐवजी लॅनच्या खाचेत लावा.

गावठाणातल्या घरातून वस्तीवर नेट न्यायचे असेल तर अंतर मोजा. लॅनची तांब्याची तार १०० मीटरपर्यंतच चालते. त्यापुढे दोन मार्ग: मध्ये फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला लॅनच्या तारेशी जोडणारा डबा) लावणे, किंवा समोरासमोर दोन अँटेना लावून बिनतारी पूल करणे. पुलासाठी दोन्ही अँटेना एकमेकींना स्पष्ट दिसायला हव्यात. उन्हाळ्यात ऊस लहान असताना बसवलेली जोडी दिवाळीपर्यंत बंद पडते, कारण मध्ये डोक्यापेक्षा उंच ऊस उभा राहतो. खांबाची उंची पूर्ण वाढलेल्या उसाच्या हिशोबाने ठरवा.

वेगाचा आकडा कसा वाचायचा

प्लॅनमध्ये वेग ‘एमबीपीएस’मध्ये लिहितात, म्हणजे सेकंदाला मेगाबिट. फाइलचा आकार मात्र ‘एमबी’त, म्हणजे मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणून ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त ५ एमबी उतरणार आणि ३०० एमबीच्या फाइलला एक मिनिट लागणार. यात फसवणूक नाही, मोजण्याची एकके वेगळी आहेत.

हे मात्र विचारून घ्या:

- अपलोडचा वेग किती? कॅमेरे आणि ऑनलाइन वर्ग यांना अपलोड लागतो. जाहिरातीत बहुधा डाउनलोडचा आकडा मोठा छापतात.
- ‘पर्यंत’ म्हणजे किती? एकाच फायबरवर ३२ किंवा ६४ घरे असू शकतात. संध्याकाळी आठला सगळे बसले की वेग उतरतो. स्पीड टेस्ट सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा करा. दूरसंचार नियामक ट्रायचे ‘मायस्पीड’ ॲप मोफत आहे.
- डेटाची मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती? याला एफयूपी म्हणतात. ‘अमर्याद’ प्लॅनलाही ती असू शकते.
- किंमत जीएसटीसह आहे का? त्यावर १८ टक्के कर लागतो.
- राऊटरची खाच किती वेगाची? २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही ९५ च्या आसपासच आकडा येत असेल तर डब्याची खाच १०० ची आहे किंवा लॅनच्या तारेतल्या आठपैकी चारच तारा जोडल्या आहेत. प्लॅन वाढवून हा आकडा हलणार नाही.

सरकारी व्याख्येनुसार २०२३ पासून ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस डाउनलोड मिळायला हवा. ही तळाची रेघ आहे.

स्पीड टेस्टमध्ये ‘पिंग’ हाही एक आकडा असतो. माहिती जाऊन परत यायला लागलेला वेळ तो मिलिसेकंदांत सांगतो. वेग चांगला असूनही व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, तेव्हा हा आकडा पाहा. ५० च्या आत असेल तर उत्तम. २०० च्या वर गेला तर बोलणे एकमेकांवर आदळू लागते.

“कॅमेरा घरी दिसतो, पुण्यातून दिसत नाही”

संगमनेर, राहुरी, अकोले, श्रीरामपूर या पट्ट्यात बिबट्याच्या भीतीने वस्त्यांवर कॅमेरे लागले आहेत. मुलगा पुण्यात नोकरीला, आई-वडील वस्तीवर, आणि रात्री गोठ्याकडे काय हलले हे त्याला तिथून पाहायचे असते. ही गरज खरी आहे, म्हणून या प्रश्नावर जरा थांबू.

घरातल्या प्रत्येक उपकरणाला राऊटर एक आयपी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. हा खासगी पत्ता. तो तुमच्या घराच्या आतच चालतो. शेजाऱ्याच्या घरातही हाच पत्ता असू शकतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो सार्वजनिक पत्ता, आणि तो कंपनी देते. जुन्या पद्धतीच्या सार्वजनिक पत्त्यांची टंचाई असल्याने कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांना मिळून वापरायला देतात. याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही यूट्यूब उघडता तेव्हा मागणी तुमच्याकडून गेल्याची नोंद कंपनीकडे असते, त्यामुळे उत्तर बरोबर तुमच्याच घरी येते. पण पुण्यातला मुलगा बाहेरून आत येऊ पाहतो तेव्हा अशी नोंद नसते. त्याला कोणत्या घरी पाठवायचे हे कंपनीच्या यंत्राला कळत नाही आणि जोडणी होत नाही.

सीजीनॅट आहे का, हे तपासता येते. राऊटरच्या सेटिंगच्या पानावर ‘वॅन आयपी’ पाहा आणि मग ‘माझा आयपी’ दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन आकडे वेगळे असतील तर सीजीनॅट आहे.

पर्याय तीन:

१. कॅमेरा कंपनीचे क्लाउड ॲप. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डबा) स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क धरून ठेवतो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. बहुतेक घरांना हाच पुरतो.
२. स्टॅटिक आयपी. कंपनी जादा पैसे घेऊन तुम्हाला स्वतंत्र, न बदलणारा सार्वजनिक पत्ता देते. दूध संकलन केंद्र, पतसंस्था, कारखानदार यांना हे परवडते. दोन कॅमेऱ्यांसाठी घेऊ नका.
३. राऊटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून बाहेरच्यांसाठी दार उघडे ठेवणे. सीजीनॅट असेल तर हे चालतच नाही, आणि चालले तरी मी याची शिफारस करणार नाही. उघडी दारे शोधत फिरणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र चालू असतात.

सिमकार्डवर चालणारा कॅमेरा घेणार असाल तर डेटाचा हिशोब करा. चित्र १ एमबीपीएसने वाहत असेल तर तासाला ४५० एमबी जातात. रोजचा दीड जीबी थेट पाहण्यात साडेतीन तासांच्या आत संपतो. म्हणून रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डवर ठेवा आणि हालचाल झाली तरच सूचना येईल अशी जुळणी करा.

“सर्व्हर डाऊन आहे”

सेतू केंद्रात हे वाक्य रोज ऐकू येते. दुसऱ्या चार साइट पटापट उघडतात आणि सातबाऱ्याचीच उघडत नाही, म्हणजे दोष तिसऱ्या टप्प्यात आहे. राऊटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका. पहाटे किंवा रात्री उशिरा प्रयत्न करा. प्रवेशाचा किंवा भरतीचा अर्ज शेवटच्या दिवशी अडला तर तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि त्याच दिवशी मदत कक्षाला ईमेल करा. मुदतवाढ मागताना तोच पुरावा असतो.

याचा एक उपप्रकार आहे. काही ॲप चालतात, पण ब्राउझरमध्ये कुठलीच साइट उघडत नाही. तेव्हा डीएनएस बिघडलेले असू शकते. साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधून देणारी ही यंत्रणा. आधी फोनच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ कोणी बदलले आहे का ते पाहा. नसेल तर राऊटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरा.

जोडणी कोणती घ्यावी?

खांबापर्यंत फायबर आलेली असेल तर दुसरा विचार करू नका. नसेल तर ५जी टॉवरवरून घरावरच्या अँटेनात येणारी जोडणी आहे. तिच्या नावात कधी ‘फायबर’ असते, पण घरापर्यंत फायबर येत नाही, माहिती हवेतून येते. म्हणून टॉवरचे अंतर विचारा. तेही नसेल तर सिमचा राऊटर. मोबाइल कंपन्यांच्या साइटवर रेंजचे नकाशे असतात, त्यात आपले गाव आधी पाहा आणि शेजाऱ्याच्या फोनवर त्याच कंपनीची चाचणी आपल्याच अंगणात करा.

ग्रामपंचायतीत फायबर आली, तरी आम्हाला नेट का नाही? केंद्राची ही योजना २०११ मध्ये मंजूर झाली आणि २०१५ पासून ती भारतनेट म्हणून ओळखली जाते. तिची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून घरापर्यंतची जोडणी एखाद्या सेवा पुरवठादाराकडून पैसे भरून घ्यावी लागते. ग्रामपंचायतीत पेटी बसवली पण बंद आहे, असे असेल तर ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.

गरज आधी ठरवा, मग तंत्र. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणा पट्ट्यात १९९८ मध्ये सुमारे ७० गावांना संगणकांनी जोडणारा प्रकल्प सुरू झाला. पुढे असे दिसले की त्या संगणकांवरचे मुख्य काम उसाची थोडीशी माहिती कारखान्याशी देवाणघेवाण करण्याचे होते. मग काही गावांत तेच काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिले आणि ते जमले. तुम्हालाही हवामान, बाजारभाव आणि पैशांचे व्यवहार एवढेच करायचे असेल तर मोबाइल डेटा पुरतो. ऑनलाइन वर्ग, घरून नोकरी किंवा चार कॅमेरे असतील तरच मासिक जोडणी घ्या.

कुलपे लावा

- राऊटरचे दोन पासवर्ड असतात: वायफायचा आणि राऊटरच्या सेटिंगच्या पानाचा. दुसरा बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. दोन्ही बदला. कॅमेऱ्याचा आणि डीव्हीआरचाही.
- सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, ‘डब्ल्यूपीएस’ बंद करा.
- पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क काढा. तुमच्या जोडणीवरून कोणी गैरप्रकार केला तर तपास आधी तुमच्या दारात येतो.
- एसटी स्टँड, लॉज, शिर्डीची गर्दी, कुठलेही खुले वायफाय असो, त्यावर बँकेचे व्यवहार करू नका.
- “तुमचे नेट दुरुस्त करतो, हे ॲप टाका” असा फोन आला तर लगेच ठेवा. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

तुमचे हक्क

पावती कोणाच्या नावाची आहे ते आधी पाहा. गावातला केबलवाला अनेकदा एखाद्या परवानाधारक कंपनीचा प्रतिनिधी असतो. बिलावर त्या कंपनीचे नाव आणि तुमचा ग्राहक क्रमांक हवा. नुसत्या व्हॉट्सॲपच्या “मिळाले” या उत्तरावर पैसे भरत राहिलात तर तक्रार कोणावर करणार? तुमच्या पिनकोडला तारेची इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या ‘संचार साथी’च्या साइटवर पाहता येतात.

तक्रारीचा क्रम असा:

१. कंपनीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक घ्या. केबलवाल्याला तोंडी सांगणे ही तक्रार नव्हे. जोडणी जास्त दिवस बंद राहिली असेल तर त्या काळाच्या भाड्यात सूट लेखी मागा.
२. मुदतीत निवारण झाले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करा. अपिलावर ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.
३. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. दूरसंचार विभागाच्या तक्रार कक्षाकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर जा.
४. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही आणि वकील नसला तरी चालते. डॉकेट क्रमांक, पावत्या, दिवसांच्या नोंदी आणि स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट जोडा.

जोडणी सोडताना पैसे भरणे नुसते थांबवू नका. बंद करण्याचा अर्ज लेखी द्या, डबा आणि अडॅप्टर परत केल्याची पोच घ्या, आणि त्यावर डब्याचा सिरियल क्रमांक लिहून घ्या.